लेकरू सावधान उभं आहे, तेवढं पुरे

परभणी जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र, थोडक्यात:

‘मी जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळेत शिकवते. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन सगळ्या गावासमोर होतं आणि गीतमंच माझ्याकडे असतो. यंदा जन गण मन, वंदे मातरम् आणि राज्यगीत बसवायचं ठरलं. पुढं उभ्या राहणाऱ्या तीन मुलींत सातवीतली एक मुस्लीम मुलगी आहे, तिचा गळा फार गोड आहे. सराव सुरू झाल्यावर तिचे वडील आले आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, लेकरू उभं राहील, एकदम सावधान. जन गण मन म्हणेल. पण वंदे मातरम् म्हणायची बळजबरी करू नका.” दुसऱ्या दिवशी कुणीतरी सरावाचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला आणि ‘ती गप्प का?’ अशी विचारणा सुरू झाली. तरुण मंडळाची चार पोरं शाळेत येऊन सांगून गेली की म्हणायचं नसेल तर कार्यक्रमाला यायचंच नाही. मुख्याध्यापक म्हणतात, झंझट नको, त्या दिवशी तिला घरीच ठेवा, नाहीतर गाणंच काढून टाका. माझे आजोबा मुक्तिसंग्रामात होते. आमच्या घरात हे गाणं बसून कुणी ऐकत नाही. मुलगी मला विचारते, “मॅडम, मी कुठं उभी राहू?” सगळ्या धर्मांच्या लोकांना एका सुरात म्हणता येईल असं गीत या देशात असूच शकत नाही का? आणि मी आता कुणाची बाजू घेऊ?’

ताई,

आधी त्या मुलीला उत्तर द्या, बाकीचं आपण मागून बोलू. सरावाला ती जिथं उभी राहते तिथंच, पहिल्या ओळीत, दोघी मैत्रिणींच्या शेजारी ती उभी राहील. जन गण मन म्हणेल, राज्यगीत म्हणेल, वंदे मातरम् चालू असताना सावधान उभी राहील. हे तिला उद्याच सांगा, पोरींच्या घोळक्यात नको, एकटीला. आणि संध्याकाळी तिच्या वडिलांच्या कानावर घाला. बारा वर्षांच्या लेकराला आपली जागा कुठं आहे हे ठाऊक नसावं, यासारखं वाईट दुसरं काही नाही. गाव काय ते ठरवीलच, पण तोवर तिला ताटकळत ठेवायचं कारण नाही.

घरी ठेवायचा पर्याय मात्र मनातून काढून टाका. मुख्याध्यापकांची अडचण मला कळते. कार्यक्रमात काही झालं तर खुलासा त्यांनाच द्यावा लागतो. पण मुक्तीच्या दिवशी एका मुलीला तिच्या धर्मामुळं शाळेत येऊ नको म्हणणं, याचा खुलासा कोणत्याही कागदावर देता येणार नाही. गाणं काढून टाकणंही बरोबर नाही. ज्यांना ते जिवापाड आवडतं त्यांच्यावर तो अन्याय आहे, आणि त्याचं खापर पुन्हा त्या मुलीच्याच डोक्यावर फुटेल. ‘हिच्यामुळं गाणं गेलं’ हे वाक्य तिला दहावीपर्यंत ऐकावं लागेल.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. ‘कुणाची बाजू घेऊ’ असं विचारताना तुम्ही एक गोष्ट धरून चालला आहात, की म्हणणारे एका बाजूला आणि न म्हणणारे दुसऱ्या बाजूला. आणि त्याच्याही मुळाशी आणखी एक समजूत आहे, की जो म्हणत नाही तो मान देत नाही. वडिलांचं बोलणं तुम्ही जसंच्या तसं लिहून पाठवलंत हे फार बरं केलंत. त्यात मान न देण्याचा एक शब्द तरी आहे का? लेकरू सावधान उभं राहील, हे त्यांनी न विचारता आधी सांगितलं.

हा प्रश्न देशात पहिल्यांदा पडलेला नाही. केरळात १९८५ साली तीन भावंडांना शाळेतून काढून टाकलं होतं. ती ख्रिस्ती धर्मातल्या यहोवा साक्षीदार पंथाची मुलं. रोज सकाळी परिपाठाला राष्ट्रगीताच्या वेळी ती आदरानं उभी राहायची, पण गायची नाहीत. प्रार्थना फक्त देवाची करायची, असा त्यांचा पंथ मानतो. आधी बरीच वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. मग एका आमदाराच्या लक्षात आलं, विधानसभेत प्रश्न निघाला, चौकशी बसली. मुलं कायदा पाळणारी आहेत, त्यांनी राष्ट्रगीताचा अवमान केलेला नाही, असंच चौकशीत निघालं. तरीही त्यांना काढलं गेलं. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट १९८६ रोजी निकाल दिला: राष्ट्रगीत गायलाच पाहिजे असं सांगणारा कोणताही कायदा नाही, आदरानं उभं राहणारं मूल अवमान करत नाही, त्यांना शाळेत परत घ्या. संविधानातलं १९ वं आणि २५ वं कलम, म्हणजे अभिव्यक्तीचं आणि धर्माचं स्वातंत्र्य, हे त्या निकालाचे आधार आहेत. १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाचा कायदा राष्ट्रगीत म्हणू न देणं किंवा चालू असताना गोंधळ घालणं याला गुन्हा ठरवतो. गप्प उभं राहण्याला नाही. आणि हा निकाल प्रत्यक्ष जन गण मन बद्दलचा आहे, हे ध्यानात घ्या. जे राष्ट्रगीताला लागू, ते वंदे मातरम् या राष्ट्रीय गीताला त्याहून कडक कसं असेल?

पण गावात कायद्यानं वाद मिटत नाही, फार तर तेवढ्यापुरता थांबतो. म्हणून गाण्याच्या इतिहासाकडे थोडं सविस्तर बघू. पोरांशी बोलताना तुम्हाला तोच उपयोगी पडेल.

वंदे मातरम् बंकिमचंद्र चट्टोपाध्यायांचं, साधारण १८७५ साली लिहिलेलं. पुढं १८८२ साली पुस्तकरूपानं आलेल्या त्यांच्या ‘आनंदमठ’ कादंबरीत ते आलं. १८९६ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात रवींद्रनाथ ठाकुरांनी ते गायलं. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते रहिमतुल्ला सयानी. मुस्लीम अध्यक्षाच्या समोर हे गाणं देशाच्या व्यासपीठावर आलं, ही गोष्ट दोन्हीकडच्या लोकांना सांगण्यासारखी आहे. बंगालच्या फाळणीच्या वेळी, १९०५ पासून, ते रस्त्यावरचा नारा झालं. इंग्रजांनी त्यासाठी लोकांना लाठ्या घातल्या.

अडचण कुठं आली? पहिल्या दोन कडव्यांत पाणी आहे, फळं आहेत, वारा, पिकं, चांदणं आहे. पुढच्या कडव्यांत देश दुर्गेच्या, लक्ष्मीच्या, सरस्वतीच्या रूपात येतो. शिवाय कादंबरीचा संदर्भ आहेच, तिच्यातला लढा मुस्लीम राजवटीविरुद्धचा आहे. म्हणून ऑक्टोबर १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीनं ठरवलं की राष्ट्रीय सभांत पहिली दोन कडवी गायची, आणि आयोजकांना वाटलं तर त्याच्या जोडीला किंवा त्याच्याऐवजी दुसरं कुणालाही न खटकणारं गीत घ्यायची मोकळीक ठेवायची. हा निर्णय होण्याआधी रवींद्रनाथांचं मत घेतलं गेलं. पहिल्या कडव्यांतली कोमलता त्यांना प्रिय होती, ती वेगळी घेता येतात असं त्यांचं मत होतं, आणि सगळी कविता संदर्भासकट वाचली तर मुसलमानांचं मन दुखावू शकतं हेही त्यांनी मान्य केलं. ज्यानं स्वतः ते पहिल्यांदा व्यासपीठावर गायलं, त्याचं हे मत. पुष्कळ लोक १९३७ च्या निर्णयाला लांगूलचालन म्हणतात. मला ते पटत नाही. सोबतच्या माणसाला कुठं टोचतंय हे बघून चार पावलं सावकाश चालणं, यात मला शहाणपण दिसतं.

गांधीजींनी १९३९ साली ‘हरिजन’मध्ये लिहिलं ते तर तुमच्याच प्रसंगासाठी लिहिल्यासारखं आहे. हे गाणं त्यांना फार प्रिय होतं, ते हिंदूंचं गाणं आहे असं त्यांच्या मनातही कधी आलं नव्हतं. पण वाईट दिवस आले आहेत, तेव्हा मिश्र सभेत ते गाण्यावरून एकही भांडण आपण ओढवून घेणार नाही, असं ते म्हणाले. प्रेम कमी झालं म्हणून नव्हे.

मग २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत राजेंद्रप्रसादांनी निवेदन केलं: जन गण मन हे राष्ट्रगीत, आणि स्वातंत्र्यलढ्यातल्या ऐतिहासिक भूमिकेमुळं वंदे मातरम् ला त्याच्या बरोबरीचा मान. यात मान सांगितला आहे, तोंड उघडायला लावा असं सांगितलेलं नाही.

मुस्लीम घरांतली हरकत काय आहे, तेही सरळ समजून घ्या. नमन फक्त अल्लाहला, ही त्यांच्या श्रद्धेची पहिली पायरी आहे. त्यामुळं काहींना पहिली दोन कडवीही म्हणता येत नाहीत. काही मुस्लीम मात्र ती मोकळ्या मनानं म्हणतात, आणि तेही तेवढेच चांगले मुसलमान असतात. म्हणजे ‘मुस्लिमांचं म्हणणं’ असं एक गाठोडं नसतं. तुमच्या गावात एका बापाचं म्हणणं आहे, तेवढंच धरा. आणि उद्या एखाद्या बौद्ध कुटुंबानं देवीच्या कडव्यांना हरकत घेतली तरी दचकू नका. देवदेवतांची पूजा करणार नाही, असं सांगणाऱ्या बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा आपल्या भागात घराघरांत पाठ आहेत.

आता आजोबांविषयी. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणून इथं या गाण्याचं वजन उरलेल्या महाराष्ट्राहून वेगळं आहे, आणि ते मला हलकं करायचं नाही. १९३८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत विद्यार्थी वंदे मातरम् म्हणू लागले. निजामाच्या राजवटीनं बंदी घातली, पोरांनी ऐकलं नाही, शेकडोंना काढून टाकलं. तेव्हाच्या औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातली मुलंही त्यात उतरली. कितीतरी जण नागपूरला जाऊन शिकले. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. आपल्याकडच्या जुन्या घरांत हे गाणं ऐकताना म्हातारी माणसं उठून उभी राहत, त्यामागं हे आहे.

पण त्या इतिहासात तुमच्या आजोबांच्या बाजूला दुसरीही माणसं उभी आहेत. शोएबुल्ला खान हे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक. हैदराबाद संस्थान भारतात आलं पाहिजे, असं ते उघड लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये, भारतीय सैन्याच्या पोलीस कारवाईच्या काही आठवडे आधी, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी त्यांना रात्री रस्त्यात गाठून मारलं. मुक्तीसाठी जीव देणारा हा माणूस मुसलमान होता. त्यांच्याविषयी आपल्या शाळांत किती मुलांना माहीत आहे? आणि १७ सप्टेंबरनंतरच्या दिवसांत काय झालं तेही मोठ्या माणसांनी तरी विसरू नये. त्याच्या चौकशीसाठी भारत सरकारनं नेमलेल्या सुंदरलाल समितीनं उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सगळ्यात जास्त होरपळलेले जिल्हे म्हणून नोंदवले. मारले गेलेल्यांत असंख्य निरपराध मुस्लीम होते, रझाकारांशी त्यांचा काही संबंध नव्हता. एकाच तारखेची आठवण गावातल्या दोन घरांत दोन तऱ्हेची असू शकते. सातवीच्या मुलांना हे सगळं सांगा असं मी म्हणत नाही. पण त्या बापाशी बोलायला जाताना तुमच्या मनात हे असू द्या.

तुमचा मोठा प्रश्न होता की सगळ्यांना म्हणता येईल असं गीत असूच शकत नाही का. बऱ्याच अंशी असू शकतं, आणि आपल्याकडे ते आहे. जन गण मन चं जे कडवं आपण म्हणतो त्यात प्रांत आहेत, डोंगर आहेत, नद्या आहेत, समुद्र आहे. कुठल्याच धर्माचं नाव नाही, त्यामुळं कुठलाच सुटलेला नाही. गंमत म्हणजे धर्मांची नावं, हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती, ही त्याच गीताच्या दुसऱ्या कडव्यात आहेत, आणि ते आपण समारंभात म्हणत नाही. एकदा ते मुलांना वाचून दाखवा. राज्यगीताचंही तसंच. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला २०२३ साली ते स्थान मिळालं. त्यात नद्यांची नावं येतात आणि आपली गोदावरीही येते. गोदावरीवर कुणाची हरकत असेल? दक्षिण आफ्रिकेनं १९९७ साली गोऱ्या राजवटीचं गीत आणि काळ्या लोकांच्या लढ्याचं गीत जोडून पाच भाषांचं एकच राष्ट्रगीत केलं. स्पेनच्या राष्ट्रगीताला अधिकृत शब्दच नाहीत, नुसती धून आहे.

तरीही शंभर टक्के कुणालाच अडचण नाही, असं गीत मिळणार नाही. केरळची ती मुलं जन गण मन सुद्धा म्हणत नव्हती. ज्या गाण्याचा जन्म लढ्यात झाला त्यात त्या काळच्या माणसांची भाषा, श्रद्धा, प्रतिमा येणारच, आणि त्या सगळ्या धुऊन काढल्या तर गाण्यात जीव उरायचा नाही. म्हणून बिनचूक गीत शोधत बसण्यापेक्षा, गाताना एखादा गप्प उभा राहिला तर आपण त्याच्याशी कसं वागतो, इकडे मी जास्त बघेन. ते तुमच्या हातात आहे.

आता कामाचं बोलू.

वडिलांना शाळेत बोलावू नका, त्यांच्या घरी जा. जाताना मुख्याध्यापकांना बरोबर न्या, म्हणजे उद्या कुणी ‘बाईंनी परस्पर ठरवलं’ म्हणणार नाही. त्यांना स्वच्छ सांगा की मुलगी पहिल्या ओळीत राहील आणि तिच्यावर कुणी जबरदस्ती करणार नाही. एक विनंतीही करा. तिला स्वतःला काय वाटतं, हे तुमच्या पत्रात कुठंच नाही. कदाचित तिला म्हणायचं असेल, कदाचित नसेल. वडिलांनी तिला घरात मोकळेपणानं बोलू द्यावं, एवढंच म्हणा. मात्र तुम्ही स्वतः तिला ‘तुला काय वाटतं’ असं चारचौघांत विचारू नका. बाप आणि बाई यांच्यामध्ये तिला उभं करायचं नाही. ती म्हणाली ‘नाही म्हणायचं’, तर विषय संपला. तिनं घरात बोलून, वडिलांच्या संमतीनं म्हणायचं ठरवलं, तरी त्याचा गाजावाजा करू नका. ‘बघा, मुस्लीम मुलगी म्हणते’ असा व्हिडिओ फिरवणं हाही तिच्यावर अन्यायच आहे.

तरुण मंडळाच्या पोरांना टाळू नका. ती बहुतेक तुमचेच जुने विद्यार्थी असतील. त्यांना शाळेत बसवा, चहा द्या, आणि आजोबांची गोष्ट सांगा. निजामानं गाणं म्हणू दिलं नाही म्हणून आपली माणसं लढली. म्हणू न देणं ही जशी बळजबरी, तशी म्हणायला लावणंही बळजबरीच. हे त्यांना कळणार नाही असं मला वाटत नाही. मग त्यांना काम द्या: मांडव, साऊंड, प्रभातफेरीची वाट, पाण्याचे जार. काम अंगावर असलं की पोरं कार्यक्रम मोडायला येत नाहीत, सांभाळायला येतात.

कार्यक्रमाची आखणी थोडी बदला. वंदे मातरम् तीन मुलींनी पुढं म्हणण्याऐवजी सगळ्या शाळेनं मिळून म्हणावं. दीडशे मुलांच्या सुरात कोण म्हणतंय, कोण नाही हे कुणी मोजत नाही. गावकऱ्यांनाही उभं राहून म्हणायला सांगा. त्या मुलीचा गळा गोड आहे ना? मग राज्यगीतात तिला पहिली ओळ द्या. शोएबुल्ला खान आणि उस्मानियाची पोरं यांच्यावर दोन-दोन मिनिटांची भाषणं सातवीच्या मुलांकडून करून घ्या, आणि ती कोणत्या मुलानं करायची ते धर्म न बघता चिठ्ठ्या टाकून ठरवा.

सरावाच्या वेळी मोबाईलला मनाई करा. तो व्हिडिओ ज्यानं टाकला त्याला बोलावून काढायला सांगा. ग्रुपच्या अॅडमिनलाही सांगा की अल्पवयीन मुलीचा चेहरा असलेला व्हिडिओ तिच्या पालकांना न विचारता फिरतोय. तुम्ही स्वतः ग्रुपवर एक अक्षरही लिहू नका. तिथं वाद घालून कुणाचंच मत बदलत नाही.

हे पत्र वाचणाऱ्या इतर शिक्षकांनाही एक सांगते. या गाण्याला २०२५ साली दीडशे वर्षं झाली, तेव्हापासून त्याबद्दल आदेश आणि सूचना निघत राहिल्या आहेत. किती कडवी, कधी, कोणत्या क्रमानं, हे ऐकीव माहितीवर ठरवू नका. फॉरवर्ड आलेला फोटो म्हणजे परिपत्रक नव्हे. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून चालू परिपत्रकाची प्रत घ्या आणि कार्यक्रम त्याप्रमाणे बसवा. कार्यक्रमात काय गायचं हे परिपत्रक सांगतं. एखाद्या लेकरानं गप्प उभं राहिल्यावर काय करायचं, यासाठी १९८६ चा निकाल आहे. त्याची प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात असू द्या. उर्दू शाळांतल्या शिक्षकांनीही हे करावं, कारण तिथं उलटा प्रसंग येतो. एखाद्या मुलाला म्हणायचं असतं आणि बाकीचे त्याला गप्प बसवतात. त्याचाही हक्क तेवढाच आहे.

आणि ताई, पोरांनी पुन्हा धमकीची भाषा केली, तर मात्र चहापाणी पुरे. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घ्या, मुलगी कार्यक्रमात राहणार असा ठराव लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. एक प्रत केंद्रप्रमुखांना, एक सरपंचांना, एक पोलीस पाटलांना द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. हे सप्टेंबर उजाडायच्या आत करा. झेंडावंदनाच्या आदल्या रात्री धावपळ नको.